साबणाची वडी

औसा रोडच्या मागल्या गल्लीत
मुलींचं तीन माळ्यांचं होस्टेल. मी तिथली मावशी.
ज्वारीच्या पिठाचा जुना डबा धुऊन, उन्हात वाळवून
त्यात ठेवते अडतीस फोन.
प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव, गाव:
उदगीर, गंगाखेड, कंधार, परांडा.
सरांचा नियम. रविवारी चार ते सहा, बाकी बंद.

बंद करूनच द्यायचे असतात,
पण कुणीतरी करत नाही.
रात्री साडेअकराला डबा गुरगुरतो,
आत भुंगा सापडल्यासारखा,
आणि वरच्या खोल्यांत
झोपलेल्या पोरी एकदम कूस बदलतात.
भिंत मधे आहे, जिना मधे आहे.
कसं कळतं, मला विचारू नका.

पहिला आठवडा वाईट.
एकीला पाणी उतरत नाही घशाखाली,
एकीला वाटतं, आपल्यामागं ग्रुपवर काहीतरी ठरलं.
सुमैय्या जीवशास्त्राच्या पानावर
अंगठा वर वर सरकवत राहते,
पान हलत नाही,
मग पानावरच चिडते.
गौतमी म्हणते, मावशे, देऊ नको, नुसता दाखव,
चार्जिंग किती उरलंय तेवढं बघते.
अगं माय, बंद फोनचं काय चार्जिंग बघायलीस?
ती म्हणते, तेच तर.

शिवकन्या केंद्रे, अहमदपूरकडची,
तिनं कधी मागितला नाही.
मला वाटलं, हिचं बरं हाय.
एकदा धुणं भिजवताना तिच्या कुर्त्याच्या खिशात लागली
कपड्याच्या साबणाची निळी वडी,
रुमालात घट्ट गुंडाळलेली,
सुरीनं कापून, कडा घासून बेताची केलेली.
हातावर तोलली.
खाली जाऊन डब्यातला तिचा फोन तोलला.
तेवढीच.

वडीच्या एका अंगाला,
अंगठा टेकतो तिथं,
खळगा पडलेला
तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा.

मी हसले. हसायला नको होतं.
म्हणलं, क्लासला साबण नेतीस, काय धुतीस तिथं?
आणि वडी मोरीत ठेवून दिली.

त्या रात्री तिचे हात गार, छातीत धडधड.
डॉक्टरनं नाडी बघितली, गोळी दिली, ताण म्हणाला.
मी पायरीवर बसून तिचे तळवे चोळले.
बोटं माझ्या हातात होती
तरी अंगठा हलतच होता, वर, वर,
काहीतरी उघडायचं राहिल्यासारखा.
कुणाचा फोन येतो गं तुला?
कुणाचाच नाही, म्हणाली.
पण आला तर?

माझा स्वतःचा कमरेला खोचलेला असतो.
भाकरी थापताना पिठाच्या हातानं किती वेळा चाचपते
ते तव्याला ठाऊक.
लेक चाकणला कंपनीत आहे.
दिवाळीला बोलला होता.

पहाटे मोरीतून वडी आणली,
पदरानं पुसली, तिच्या उशाशी ठेवली.
सरांना सांगितलं नाही.
नियमात साबणाचं काही नाही.

रविवारी चारला रांग लागली.
पोरी फोन घेतात, आधी कुर्त्याला पुसतात,
मग गालाला लावतात, मग चालू करतात.
शिवकन्येनं चालू केला, तिथंच उभी राहिली.
जाहिरातीचे दोन मेसेज,
रिचार्ज संपत आल्याचा एक.
खालीवर बघितलं. पुन्हा बघितलं.
सव्वाचारलाच परत दिला.

मे महिन्यात खोल्या रिकाम्या झाल्या.
डबा पुन्हा धुतला, पीठ भरलं.
वडी ती फळीवर विसरून गेली
का ठेवून गेली, कळलं नाही.
धुण्याला काढावी म्हणलं.
सहज खळग्यात अंगठा ठेवून बघितला.
नेमका बसला.

खालून भाजीवाला
कितीतरी वेळ हाका मारत होता.